तो खांदा नेमका कशाने दुखत होता?

मालदीवमधल्या थुलुसधू बेटावर मी केलेल्या स्कूबा डाईव्ह (टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणं) आणि सर्फिंग (फळीवरून लाटेवर स्वार होणं) यांच्या माझ्या लेखाखाली ‘खलाशी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. त्यातला मुख्य भाग आधी इथे देते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते कळेल.

‘ताई, फोटो छान. पण तुमच्या लेखात समुद्र नुसता निळा आहे. सकाळी दोन डाईव्ह, दुपारी सर्फिंग आणि रात्री “खांदे भरून आले”, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. तो खांदा लाटांनी दुखत होता की नायट्रोजनने, हे तुम्हाला कसं कळलं? वर “पोहता येत नसलं तरी बिनधास्त या” हा सल्ला. उद्या कोणी पोरगं हे वाचून जाईल आणि जिवाला मुकेल. आणि एवढं करायला मालदीवच कशाला? आमचं मालवण काय ओस पडलंय?’

खलाशीदादा (वयाने लहान असलात तर आधीच माफी मागते), वाचून पहिल्यांदा राग आला. आपलीच वाक्यं अवतरणचिन्हांत घालून कोणी परत दिली की येतोच. मग खांद्याचा प्रश्न पुन्हा वाचला आणि गप्प बसले. कारण ती रात्र मी लेखातून काढून टाकली होती.

झालं होतं असं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन डाईव्ह झाल्या, त्यातली एक सव्वीस मीटरपर्यंत. परत येऊन मासे-भात जेवले आणि तीनच्या सुमाराला बोर्ड घेऊन होडीत बसले. थुलुसधूच्या टोकाला ‘कोक्स’ नावाची लाट फुटते, बेटावरच्या कोका-कोलाच्या कारखान्यावरून पडलेलं नाव. ती माझ्या आवाक्यातली नाही. मी शिकले कर्नाटकातल्या मुल्कीच्या वाळूवर, आणि इथे लाटेखाली प्रवाळाचा खडक. म्हणून कांडू ओलांडून समोरच्या ‘चिकन्स’ नावाच्या दुसऱ्या लाटेकडे गेले. (कांडू म्हणजे दोन बेटांमधली खोल पाण्याची वाट. दिवेही भाषेतला शब्द आहे. ‘अटॉल’, म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं, हा शब्दसुद्धा जगाला त्याच भाषेने दिला.) दोन तासांत धड चार लाटा मिळाल्या. बाकी वेळ पालथं पडून हातांनी पाणी मागे सारणं, दुसरं काही नाही.

रात्री दहाला डावा खांदा ठणकायला लागला. आत, सांध्यात. मी गोळी घेऊन झोपणार होते, पण खोलीतली मैत्रीण जाऊन डाईव्हमास्तरला घेऊन आली. त्याने अजिबात हसण्यावारी नेलं नाही. एकच खांदा की दोन्ही? हलवल्यावर वाढतं का? दाबल्यावर? मुंग्या, बधिरपणा, चक्कर? लघवीला झाली का? मला सरळ रेषेत चालायला लावलं, हात ढकलायला लावले, डोळे मिटून बोट कुठे टेकवलं ते ओळखायला लावलं. मग ऑक्सिजन लावून डॉक्टरांना फोन. डॉक्टर म्हणाले, हलवल्यावर आणि दाबल्यावर दुखणं वाढतंय, दुसरं लक्षण नाही, म्हणजे बहुतेक स्नायूच. पण लक्ष ठेवा आणि दोन दिवस पाण्याकडे फिरकू नका.

त्या ‘बहुतेक’वर मी रात्र काढली. पहाटे उजवा खांदाही तितकाच ठणकायला लागला, म्हणजे दुखणं बहुधा मेहनतीचंच, तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसरा खांदा दुखतोय म्हणून खूश झालेली बाई तुम्ही पाहिली नसेल.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला कळलं नव्हतं. आणि ते कळणं का अवघड आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. खोलवर दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. सावकाश वर आलं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलं, की तो श्वासावाटे बाहेर पडत राहतो. पाण्यातून बाहेर आल्यावरही काही तास हे चालू असतं. गडबड झाली तर त्याचे बुडबुडे होतात, आणि त्यांचं दुखणं पुष्कळदा खांद्यात किंवा कोपरात येतं. डाईव्हनंतर लगेच जोराची मेहनत केली तर बुडबुड्यांचा धोका वाढतो, म्हणून ती टाळायला सांगतात. आता सर्फिंगमध्ये सगळी मेहनत कशाची? खांद्यांची. म्हणजे दुखणंही खांद्यात आणि ते झाकणारा व्यायामही खांद्याचाच. विमानाचं सगळ्यांना पाठ असतं: बऱ्याच डाईव्ह झाल्या असतील तर निदान 18 तास उडायचं नाही. तिकीट काढताना तो हिशोब आपोआप होतो. बोर्डाचं तिकीट नसतं, त्यामुळे त्याचा हिशोब कोणी करत नाही. मीही केला नाही.

काढून का टाकलं? फोटो चांगले आले होते, आणि ऑक्सिजनच्या मुखवट्यातल्या बाईने त्यांची मजा गेली असती. लेखात ‘मग दोन दिवस बेटावर निवांत’ असं वाक्य आहे ना, ते हेच दोन दिवस.

पण एका बाबतीत तुम्ही माझ्यावर जास्त दया दाखवलीत. समुद्र निळा नव्हताच. मी ऑगस्टमध्ये गेले होते आणि पाणी हिरवट होतं, दहा-बारा मीटरच्या पुढचं धूसर. निळे फोटो निवडून लावले. आणि इथेच मला खरा मुद्दा दिसतो, तुमच्या प्रतिक्रियेत नसलेला. ‘सर्फ आणि डाईव्ह, पाच रात्री’ असं जे विकतात, त्यात दोन वेगवेगळे समुद्र एका पाकिटात भरलेले असतात. सर्फवाल्याला लाट हवी. मालदीवमध्ये ती साधारण एप्रिल ते ऑक्टोबर येते, आणि ती तिथल्या वाऱ्याची नसते. खाली दक्षिण महासागरात त्यांच्या हिवाळ्यात वादळं होतात, त्यांच्या लाटांचा फुगवटा हजारो किलोमीटर चालत वर येतो. केरळच्या किनाऱ्यावर वारा नसताना अचानक पाणी गावात शिरतं, त्याला तिथले लोक ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. तोही याच घराण्यातला.

डाईव्हवाल्याला मात्र शांत, स्वच्छ पाणी हवं. ते जानेवारी ते एप्रिल. नैर्ऋत्य मोसमात प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, अटॉलच्या आतलं गढूळ पाणी पूर्वेच्या कांडूंमधून बाहेर पडतं, आणि थुलुसधू नेमकं पूर्वेच्या कडेला आहे. म्हणजे लाट चांगली असते तेव्हा पाण्यात कमी दिसतं. गंमत अशी की तेच गढूळ पाणी प्लँक्टनने, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांनी, भरलेलं असतं, म्हणून मांटा रे (पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे) पूर्वेकडे येतात. लंकनच्या मांटा पॉइंट या डाईव्हच्या जागी मला ज्या तीन दिसल्या, त्या त्या हिरव्या पाण्यामुळेच. त्या स्वच्छता करून घ्यायला खडकावर येऊन तरंगत राहतात, लहान मासे त्यांच्या अंगावरचं काय काय वेचतात. आम्ही तळाशी एका बाजूला न हलता बसलो होतो. एक माझ्या डोक्यावरून गेली तेव्हा क्षणभर ऊन गेलं. हे मात्र मी लेखात फुगवलेलं नाही.

दोन्ही एका सहलीत करायचंच असेल तर माझं आताचं मत: दिवस वाटून घ्या. आधी सगळ्या डाईव्ह, मग एक पूर्ण दिवस वाळूत, मग लाटा. किंवा उलटं, पण उलट्यात थकलेले खांदे घेऊन टाकी पाठीवर चढवायची असते आणि प्रवाहात पाय मारायचे असतात. ज्यांनी हे विकलं त्यांना मी सकाळ-दुपारबद्दल विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोष निम्मा-निम्मा, माझा थोडा अधिक, कारण डाईव्हचा परवाना माझ्या खिशात होता.

पोहण्याचं. ते वाक्य मी बदललंय. पहिल्यांदा चव घेण्यापुरती जी डाईव्ह असते, बारा मीटरच्या आत, प्रशिक्षक टाकी धरून सोबत, तिला पोहता आलं पाहिजे अशी अट नसते. मालवणातही रोज असे लोक पाण्यात उतरतात. परवान्याच्या कोर्सला मात्र 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. सर्फिंगला तर पोहणं हवंच. बोर्डाची दोरी तुटते आणि मग तुम्ही, लाट आणि खडक एवढेच उरता. या तिन्हींना मी एकाच ‘बिनधास्त’मध्ये बसवलं होतं. तुम्ही म्हणालात ते पोरगं कोणी असेल तर, बाळा, आधी तलावावर जा.

आणि मालवण. इथे मात्र भांडते. ऑगस्टमध्ये तुमच्या बंदरात माझ्यासाठी कोण होडी काढणार होतं? पावसाळ्यात सगळं बंद असतं आणि असायलाच हवं. बाकी पाण्याखालचा पहिला श्वास मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सावलीतच घेतलाय, वीतभर दिसत होतं तरी हसत बाहेर आले होते. आंग्रिया बँकचं स्वप्नही आहेच: विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, आणि नाव कान्होजींच्या घराण्याचं. तिथे जाणारी भरवशाची होडी तुमच्या माहितीत असेल तर कळवा. डिसेंबरात रजा आहे. बोर्ड घरी ठेवून येते.