वळिवड्याची आठवण राहिली नाही का?

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर निर्वासितांवरून जुंपली. एकानं लिहिलं, "कॅनडाची हौस कॅनडाला परवडते. इथं आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत, बाहेरच्यांना कुठं डोक्यावर घ्यायचं?" खाली अंगठ्यांची रांग. माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना.

अरे, ही सरकारी हौस नव्हे. १९७९ पासून इथं कॅनडात, जिथं मी राहते, साधी माणसं गट करून एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेतात. घरभाडं, किराणा, मुलांची शाळा, सगळं. १९७९-८० या पहिल्या दोन वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून ६० हजार लोक आले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना चर्चनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढून आणलं. १९८६ साली निर्वासितांसाठीच्या कामाचं नान्सेन पदक मिळालं ते कॅनडाच्या जनतेला. हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडा सरकारनं अशा पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं, ती बातमीही ग्रुपवर आली. जणू मी हरले. अर्जांचा ढीग साचला म्हणून थांबवलं, माणसं मागं हटली म्हणून नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत आम्ही ओंटारिओतल्या किचनर गावातल्या काही जणांनी एक सीरियन कुटुंब आणलं. कामं वाटून घेतली होती. कुणाकडे बँक आणि ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, कुणाकडे शाळा, माझ्याकडे स्नोबूट आणि बाजारहाट. व्हॅल्यू व्हिलेज या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांच्या धाकट्या मुलीनं बूट घातले आणि काढायलाच तयार होईना, तसेच घालून काउंटरवर आली. महिन्याभरात यादीतलं सगळं झालं. तरी तिची आई दिवसभर खिडकीशी बसून पार्किंगकडे बघायची. एकदा थोरल्या मुलाला मध्ये घेऊन तिनं मला विचारलं, "इथं लोक एकमेकांकडे जातात कधी?"

मला उत्तर सुचेना. तोवर मला इथं अकरा वर्षं झाली होती आणि आधी फोन केल्याशिवाय माझी बेल कुणी वाजवली नव्हती. मी आले तेव्हा मला न्यायला विमानतळावर टॅक्सी होती, माणूस नव्हतं. माझ्याकडे इंग्रजी होतं, नोकरी होती, म्हणून कुणाला मी एकटी वाटलेच नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ती तिन्ही मुलांना घेऊन न सांगता दारात उभी. हातात ताट, वर ओला पंचा, खाली द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. मी गाऊनवर होते, सिंकमध्ये भांडी पडलेली. तिनं सरळ स्वयंपाकघरात येऊन बशा शोधायला सुरुवात केली. अगदी आमच्या मंगळवार पेठेतल्या काकूंसारखी. त्या रात्री मी खूप रडले.

आता वळिवडे. आपल्या कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहिले. बहुतेक बाया आणि मुलं, सैबेरियातून इराणमार्गे आलेली. महावीर उद्यानात, आपण शिवाशिवी खेळायचो त्याच बागेत, आता त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. ती माणसं गेल्यावर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. बाहेरच्यांना कुठं घ्यायचं म्हणणाऱ्यांची दर दिवाळीची कापडं गांधीनगरातनंच येतात.

हे सगळं ग्रुपवर टाकणार होते. अर्धं टाइपही केलं. मग माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आठवली. गांधीनगरची, सिंधी. चार वर्षं आमचा डबा एक होता. भाकरी माझी, पापड तिचे. मी तिला एकदाही घरी बोलावलं नाही. कुणी अडवलं नव्हतं, मला ते सुचलंच नाही. आणि आपल्याकडे माणसाला दारातून चहाशिवाय कुणी जाऊ देत नाही, असं मी इथल्या लोकांना वीस वर्षं अभिमानानं सांगत आलेय.

तीही त्या ग्रुपवर आहे. त्या दिवशीचा प्रत्येक मेसेज तिनं वाचला असणार. लिहिलं काहीच नाही.

डिसेंबरात मी कोल्हापूरला येतेय. तिच्या घरी जायचंय. पत्ता मला माहीत नाही, कधी विचारलाच नव्हता.