सुरक्षा समितीवर निवड झाल्याबद्दल अभिनंदन

कार क्लबच्या सुरक्षा समितीवर तुमची एकमताने निवड झाली, म्हणजे त्या बैठकीला तुम्ही गैरहजर होता. असो. आता ट्रॅक डेचे, म्हणजे सभासद आपापल्या गाड्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवसाचे, नियम ठरवायचेत. एक ध्यानात ठेवा, नियम सभासद टिकवण्यासाठी असतात. सभासद जिवंत राहिला तर उत्तमच.

'हेल्मेट सक्तीचे' एवढंच लिहा. हेल्मेट तपासणाऱ्या 'स्नेल' संस्थेचा एम शिक्का मोटरसायकलसाठी आणि एसए शिक्का गाडीसाठी, एसएच्या चाचणीत आग आणि रोल केजच्या (गाडीतल्या संरक्षक पिंजऱ्याच्या) नळीवरचा आघातही धरलेला असतो, या खोलात शिरलात की कोणीतरी विचारणारच, "म्हणजे माझं बाइकचं चालणार नाही?" विचारणारे नेमके खजिनदार असतात. शिवाय शिक्का असतो अस्तराखाली, आणि सभासदाचं अस्तर उचलून बघणं बरं दिसत नाही.

खरी मजा हार्नेसमध्ये, म्हणजे खांदे-कंबर जखडणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांत, आहे. चार पट्ट्यांच्या हार्नेसला खुशाल परवानगी द्या, फोटो झकास येतात. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छत पेलणारी कमान, मात्र मागू नका, मागची सीट जाते आणि घरचे बोलतात. गाडी उलटलीच, तर कंपनीच्या साध्या पट्ट्यात माणूस निदान बाजूला कलंडू शकतो. हार्नेसवाला ताठ बसून खाली येणाऱ्या छताचं स्वागत करतो. समोरून धडक बसली तर मांड्यांमधला पट्टा नसल्याने खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर पोटावर ओढतात आणि माणूस खालून घसरतो. हे कोणी बैठकीत काढलं तर इतिवृत्तात लिहा: 'पुढील वर्षी विचार व्हावा.' पट्ट्यांवरच्या एसएफआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तारखेचंही तेच. दोन वर्षांनी बदला म्हणे! धाग्याला काय कॅलेंडर कळतं?

खांदे असे जखडले की मोकळी राहते ती मान, वर हेल्मेटचं ओझं. त्यासाठी हबर्ड आणि डाउनिंग यांनी 'हान्स' हे डोकं-मान आवरणारं साधन काढलं. 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नॅसकार या अमेरिकी शर्यतमालिकेचा चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाला झालेल्या इजेने गेला, तेव्हा हान्स बाजारात होतंच. नॅसकारने डोकं-मान आवरणारं साधन त्यानंतर सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने हान्स 2003 मध्ये. एवढ्या मोठ्यांनी घाई केली नाही, मग आपण कशाला?

अग्निशामक मात्र हवाच. कुठे, कसा बसवायचा ते लिहू नका. मागच्या सीटवर मोकळा ठेवला तरी धडकेत तो आपणहून पुढे येतो.

कडकपणा दाखवायचाच असेल तर दारावरच्या नंबराच्या स्टिकरमध्ये दाखवा. तिरका दिसला की गाडी परत पाठवा, दरारा बसतो.

आणि हो, पहिल्या फेरीला प्रशिक्षक म्हणून शेजारी बसायला समितीतलाच माणूस लागतो. तुमचं नाव दिलंय. गाडी खजिनदारांची. त्या बाजूला हार्नेस नाही, पण नियमात 'चालकासाठी' एवढंच आहे, त्यामुळे तपासणीत काही अडचण येणार नाही.