‘शिकवू नये’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

वर्तुळाची ओळख करून देणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे जीवा, हे चूक. तो रेषाखंड असतो. रेषा म्हटली की ती वृत्तछेदिका झाली. एवढा फरक कळत नसेल त्यांनी मुलांना भूमिती शिकवू नये.” (रेषाखंडाला दोन टोकं असतात, रेषा दोन्हीकडे अनंतापर्यंत जाते; वर्तुळाला दोन बिंदूंत छेदणारी रेषा म्हणजे वृत्तछेदिका.) शिवाय ‘पाय’ची (π) किंमत चुकली आणि अर्धवर्तुळातल्या कोनाची सिद्धता नाही, याही तक्रारी.

‘पाय’चं मान्य. २२/७ च्या आधी बरोबरचं चिन्ह पडलं, तिथे ‘सुमारे’ हवं होतं. आर्यभटांनीही इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगताना ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचं, म्हणून ठेवलं होतं. दुरुस्ती केली आहे.

आता ‘शिकवू नये’. हे कुणाला लिहितो आहोत, याचा क्षणभर तरी विचार केलात का? सत्तावीस वर्षं मी गणित शिकवलं. वर्गात कंपासपेट्या मोजक्याच, म्हणून मैदानात खुंटी ठोकायची, सुतळी ताणायची आणि फक्कीनं वर्तुळ आखायचं. मग एका मुलीनं सुतळीचं टोक धरून रेघेवर उभं राहायचं, दुसरीनं सुतळी ताणत, सैल सोडत रेघेवरून चालायचं. “बाई, खुंटीवरून गेली तेव्हा सगळ्यात लांब!” असं पोरं ओरडायची. व्यास ही सर्वांत मोठी जीवा, हे त्यांना तिथेच कळलं. ती सुतळी दोन्हीकडे अनंतापर्यंत जाते, असं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही.

आणि शब्द तरी बघा. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. जुन्या ग्रंथांत कंसाला चाप म्हणतात आणि जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या उंचीला शर. दोरी धनुष्याच्या दोन टोकांना बांधलेली असते. ‘दोन बिंदूंना जोडणारी’ म्हटलं तिथेच तिची टोकं आली. परीक्षेत ‘रेषाखंड’ लिहा, हे मी मुलांना वर्षानुवर्षं बजावलं आहे. मला ते नव्यानं सांगायची गरज नव्हती. पण पहिल्यांदा वर्तुळ बघणाऱ्या मुलाशी मी घरातल्या भाषेत बोलते, आणि घरात आपण रेषच ओढतो.

सिद्धतेचं म्हणाल, तर तो ओळखीचा लेख होता. ती तिथे येणारच नव्हती.

‘इथे रेषाखंड हवा’ एवढंच लिहिलं असतंत, तर मी आभार मानून शब्द बदलला असता. आता तो तसाच ठेवते आहे.