पोडियमवरच्या प्लांटरबद्दलच्या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार सर,

पोडियमवरचा, म्हणजे पार्किंगच्या छतावरचा, प्लांटर (झाडांचा बांधीव वाफा) अवाढव्य झाला, बसायची जागा गेली, मातीच्या नावाखाली वाळू भरली, पाणी जमिनीत मुरत नाही आणि वर साचते, अशा तुमच्या तक्रारी आहेत. कमिटी आता वरून लाल मातीचा थर टाकणार, असेही तुम्ही लिहिले आहे. त्या थरामुळेच हे उत्तर तातडीने देतो आहे.

पाणी मुरू द्यायचेच नव्हते. खाली तुमचे पार्किंग आहे, म्हणून तळ आणि भिंती वॉटरप्रूफ केल्या. गच्चीचे पाणी थोपवायचे, मातीतून गाळायचे आणि तळाच्या भोकांच्या पाइपातून सावकाश पावसाळी गटारात सोडायचे, एवढेच या प्लांटरचे काम.

आकाराचा हिशोब असा. गच्ची १५० चौरस मीटर, प्लांटर १५ चौरस मीटर. मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेली, तोच आकडा आम्ही धरला. गच्ची आणि प्लांटर मिळून तासाला ४,१२५ लिटर पाणी होते. प्लांटरमधल्या आमच्या वाळू-कंपोस्टच्या मिश्रणातून ताशी १२५ मिमी पाणी उतरते, म्हणजे १५ चौरस मीटरमधून १,८७५ लिटर. उरलेले २,२५० लिटर मातीवरच्या १५ सेंटीमीटर मोकळ्या जागेत मावते. त्याहून जोराचा पाऊस ओव्हरफ्लोच्या पाइपाने जातो.

कमिटीने सुचवलेला ६ चौरस मीटरचा, म्हणजे गच्चीच्या ४ टक्क्यांचा प्लांटर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात चालतो. तिथे ताशी ५ मिमी पाऊस धरतात. इथे तो २५ मिमीच्या पावसातही पंधरा-वीस मिनिटांत भरून वाहिला असता. बाकडी प्लांटरच्या कठड्यालगत बसवता येतील, त्याचे ड्रॉइंग आम्ही विनामूल्य देऊ.

वाळू मुद्दाम आहे: दोन भाग वाळू, एक भाग कंपोस्ट. चिकणमाती बसली की निचरा संपतो. कर्दळ या मिश्रणात छान वाढते, फक्त दिवाळीनंतर तिला पाणी घालावे लागते.

साचलेले पाणी पाऊस थांबल्यावर दीड तासात उतरायला हवे. डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठवडाभर लागतो. दुसऱ्या सकाळीही पाणी दिसले तर पाइप तुंबला आहे असे समजून फोन करा, आमचा माणूस येईल.

लाल माती मात्र कृपया टाकू नका. तिने वरची मोकळी जागा भरेल आणि तिचा गाळ खालच्या वाळूत बसेल.