तीन बाटल्यांत सगळे रंग? नाही बाप्पा!

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदींचा पोळा, जवळ आला की आमच्या नागपुरात पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतेच, या वर्षीही फिरून राहिला. "मुलांना फक्त लाल, पिवळा, निळा द्या, जगातला प्रत्येक रंग यातून बनतो. तिन्ही सारखे मिसळले की काळा. पांढरा हा रंगच नाही, देऊ नका. सहा वर्षांच्या आधी मिक्सिंग नको, पोरं गोंधळतात." आता मी दरवर्षी गल्लीतली पाच-सहा पोरं जमवून अंगणात त्यांचे लाकडी नंदी रंगवून घेते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

प्रत्येक रंग म्हणता ना, तर या तिघांतून राणी कलर बनवून दाखवा. नाही बनत! फिरोजीचंही तसंच. म्हणून तर प्रिंटरमध्ये लाल-निळी शाई नसते, सायन म्हणजे फिरोजीसारखी, मॅजेंटा म्हणजे आपली राणी, अन् पिवळी असते. अन् नुसतं "लाल" म्हणून भागत नाही, कोणता लाल? व्हर्मिलियन शेंदरी असते, म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला, त्यात अल्ट्रामरीन निळा टाकला की जांभळ्याऐवजी मळकट वांग्याच्या भरतासारखं काहीतरी निघते. क्रिमसन, म्हणजे निळ्याकडे झुकलेला लाल घ्या, मग जांभळा बरा येतो. मागच्या वर्षी मीच घाईत चुकीची बाटली उघडली अन् एका पोरीचा जांभळ्या झुलीचा हट्ट होता, ती जे रडली ते रडली, शेवटी क्रिमसन शोधून झूल दुसऱ्यांदा रंगवली तेव्हा शांत झाली.

सारखे घ्या हे तर सगळ्यात चुकीचं. पिवळा बिचारा कमजोर रंग, त्यात त्याच्याएवढाच निळा ओतला की पिवळा गायब, गडद काळपट हिरवं उरते. आधी पिवळा भरपूर घ्यायचा अन् निळा काडीच्या टोकावर, मग पोपटी, मग पानासारखा हिरवा, असं पोरांसमोर एकेक होत जाते अन् त्यातच खरी मजा आहे. संत्र्याचा रंग पण तसाच, पिवळ्यात लाल थेंबाथेंबाने. आमच्याकडे शिंगं संत्रीच लागतात, नागपूर आहे शेवटी.

तिन्ही मिसळून काळा? करून बघा, चिखल होते, तपकिरी-करडा. प्रिंटरला वेगळी काळी शाई द्यावी लागते त्याचं एक कारण हेच आहे. आमच्या मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीच्या पुतळ्यासारखा काळाकुट्ट पाहिजे असेल तर काळ्याची बाटलीच उघडा.

पांढऱ्याचं काय, तर उजेडाची गोष्ट अन् रंगाच्या बाटलीची गोष्ट लोकांनी एकत्र करून टाकली आहे. उजेडात सगळे रंग मिळून पांढरा होते, मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब ठेवून बघा, लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतील (थेंब बारीकच ठेवा हं, मोबाईल खराब झाला तर मला नका सांगू). बाटलीतला पांढरा मात्र इतर रंग मिसळून बनत नाही, तो विकतच आणावा लागते अन् लाकडावर आधी त्याचा हात मारला तरच वरचे रंग उठून दिसतात. तो देऊ नका म्हणणाऱ्यानं कधी नंदी रंगवला नसावा.

राहिलं सहा वर्षांचं. आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी चार वर्षांची आहे, तिला "नारंगी" शब्द येत नव्हता, पण पिवळ्यात लाल गेला की "संत्रं झालं!" म्हणून ओरडली. रंगाचं नाव तिला त्यानंतर कळलं. काय बिघडलं?

एकच सांगते, ब्रश धुवायला दोन डबे ठेवा, एक फक्त पिवळ्यासाठी. एकाच पाण्यात सगळे ब्रश बुचकळले की तिसऱ्या मिनिटाला पिवळा गढूळ होते अन् मग पोरं म्हणतात बाटलीच खराब आहे.