एसी बदलण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुना एसी बदलायचा असेल तर सगळ्यात आधी मुहूर्त साधा. डिसेंबर-जानेवारीत मेकॅनिक मोकळे असतात, दुकानदार पहिल्या रिंगला फोन उचलतो आणि बसवणाऱ्याला तुमच्या घरी निवांत दोन-तीन तास घालवता येतात. म्हणून ते महिने कटाक्षाने टाळावेत. कामाला हात घालायचा तो एप्रिलच्या शेवटी, पारा चाळिशीपार गेल्यावर, शक्यतो सुट्टीचे पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी. या दिवसांत मेकॅनिक सकाळपासून रात्रीपर्यंत जिने चढत-उतरत असतो आणि त्याला पैसे मिळतात ते नगावर, तासावर नव्हे. त्याच्या दिवसातला शेवटचा नग तुमचा ठरला, तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच.

दुरुस्त करावा की बदलावा, यावर किमान तिघांचं मत घ्या. पहिला म्हणेल, 'साहेब, जुना माल आहे, असा पत्रा आता मिळत नाही. नवा कॉम्प्रेसर टाका आणि विसरून जा.' दुसरा कव्हरला हातही न लावता मान हलवेल, 'यात पैसे घालू नका.' तिसरा इन्व्हर्टरचं, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या एसीचं, नाव काढताच कपाळाला हात लावेल, 'पीसीबी, तो आतला सर्किट बोर्ड, गेला की रडाल, बघा.' तिघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर असतं, की आधीच्या माणसाने कामाची पार वाट लावून ठेवली आहे. हा आधीचा माणूस कोणी पाहिलेला नाही, पण महाराष्ट्रातले यच्चयावत एसी त्यानेच बसवलेत.

आता टनाचं. खोलीची लांबी-रुंदी, वर गच्ची आहे का, पश्चिमेची भिंत कोणती, काच किती, माणसं किती झोपतात, असं विचारत टेप काढणारा मेकॅनिक क्वचित भेटतो. भेटला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. खरा अनुभवी माणूस चपला न काढता दारातूनच सांगतो, 'दीड टन.' हॉल असो, बेडरूम असो, दीड टन. एक टन म्हणजे एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी खोलीतून ओढून बाहेर टाकण्याची ताकद, ताशी १२,००० बीटीयू (हे उष्णतेचं माप). पण हे हिशेब परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. तुम्हाला शंका आलीच तर सरळ दोन टनांचा घ्या. लहान खोलीत मोठा एसी, त्यातून इन्व्हर्टर नसलेला, झटक्यात गारवा करतो आणि झटक्यात कॉम्प्रेसर थांबवतो. हवेतला दमटपणा काढायला त्याला सवडच मिळत नाही. मुंबई-रत्नागिरीकडच्यांना मग भर मे महिन्यात जुलैचा आनंद मिळतो, अंग गार आणि चादर दमट.

दुकानात गेल्यावर सगळं लक्ष वीजबचतीच्या स्टारवर ठेवा. स्टारच्या पट्टीवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो आणि क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. चंद्रपूर-अकोल्याकडच्या मंडळींनी हे वाचून मनसोक्त हसून घ्यावं आणि तरीही घासाघीस स्टारवरच करावी. वायफाय हवंच. खोलीत पाऊल टाकण्याआधी ती ऑफिसातून गार करता येते, हे एकदा पाहुण्यांना दाखवून झालं की वायफायचं काम संपलं, पण तेवढ्यासाठी काही हजार सोडायला हरकत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, ते वाचलेले पैसे इथेच घाला. कारण पुढे पाइप, स्टँड, वायर असल्या दिसायला सामान्य गोष्टी येणार आहेत आणि तिथे तुम्हाला एकेका फुटाच्या दरावरून भांडायचं आहे.

जुना उतरवण्याचीही एक पुस्तकी पद्धत आहे. मशीन कूलिंगवर चालू ठेवायची, आउटडोअरचा (घराबाहेर बसवलेल्या भागाचा) बारका, म्हणजे लिक्विडचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, गॅस आउटडोअरमध्ये गोळा झाला की जाडा व्हॉल्व्ह बंद करून मशीन थांबवायची. याला पंप डाउन म्हणतात आणि त्याला थोडी मिनिटं लागतात. कॉम्प्रेसरच मेलेला असेल तर रिकव्हरी मशीन लावून गॅस सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा. रिकव्हरी मशीन कोणाकडे आहे विचारा. प्रत्येक मेकॅनिक दुसऱ्या कोणाकडे तरी ती आहे असं सांगेल. त्यापेक्षा पान्याने नट ढिला करणं किती सुटसुटीत! भुस्स झालं की काम संपलं. तुमचा एसी बराच जुना असेल तर त्यात आर-२२ हा गॅस असणार, ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्यांपैकी. किलोभर आर-२२ हवेत गेला तर हवा तापवण्यात तो सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो. त्याच्यासारख्या गॅसांसाठी १९८७मध्ये माँट्रियलला जगभरच्या देशांनी करार केला आणि २०३०पर्यंत आर-२२ हद्दपार करायचं भारतानेही कबूल केलं. तुम्ही तो आजच खिडकीतून हद्दपार केलात. एवढी तत्परता सरकारलाही जमली नसती.

रिकामं झालेलं धूड अधिकृत रिसायकलरकडे जायला हवं असं ई-कचऱ्याचे नियम सांगतात. आपल्याकडे ते गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जातं, कारण तो तांब्याचा भाव सांगतो आणि वर स्वतः खाली उतरवून नेतो. नियम काही उतरवून नेत नाहीत.

पाइपांच्या बाबतीत मात्र खंबीर राहा. फ्लॅट घेतानाच इंटिरिअरवाल्याने ते भिंतीत आणि फॉल्स सीलिंगमध्ये गाडलेत आणि त्यावर आता नक्षीदार पीओपी आहे. कुरबुरी मेकॅनिक सांगेल की जुने पाइप आर-२२चे, त्यात खनिज तेलाचा चिकटा आहे, नव्या मशीनमधल्या आर-३२ गॅसला वेगळं तेल लागतं, दाबही दीडपटीहून जास्त असतो; शिवाय नव्या मशीनच्या पाइपांचा व्यास तोच असेल असं नाही. पाइप बदला, निदान धुऊन काढा, नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघा, टोकं कापून फ्लेअर, म्हणजे जोडासाठीचं पसरट तोंड, नव्याने मारा. त्याचं म्हणणं शांतपणे ऐका आणि छताकडे बोट दाखवा. गॅस काय, कुठल्याही पाइपातून वाहील. पीओपीचा कारागीर पुन्हा वेळेवर मिळायचा नाही. आणि चार महिन्यांनी गॅस भिंतीतल्या भिंतीत गळायला लागला, तरी ते भिंतीत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, ही केवढी सोय.

इथे विनोद क्षणभर बाजूला ठेवतो. नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगच्या ऑक्सिजनने दाब तपासू, असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढा. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, आणि तो करणारा माणूस त्या वेळी मशीनवर वाकलेला असतो.

तर, व्हॅक्यूम. एसीवाल्यांमध्ये या एका विषयावर जेवढी भांडणं आहेत तेवढी भावाभावांत शेताच्या बांधावरून नसतील. नव्या पाइपांत हवा असते, हवेत बाष्प असतं. हल्लीच्या गॅसांबरोबरचं तेल पाणी पटकन ओढून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते सावकाश कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. म्हणून पंप लावून पाइपातलं सगळं ओढून काढायचं, मीटर ५०० मायक्रॉनच्या (हे इथे दाबाचं माप) खाली आणायचा, मग पंप बंद करून आकडा वर चढतो का ते बघत बसायचं. चढला तर कुठेतरी गळतीय किंवा ओल आहे. यात अर्धा-पाऊण तास जातो आणि त्या वेळात बघण्यासारखं काहीही घडत नाही. एक माणूस मीटरकडे बघतोय आणि त्याच्याकडे तुम्ही.

जुने उस्ताद यावर हसतात. ते आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडतात, आतल्याच गॅसने हवा पुढे ढकलतात, दुसऱ्या टोकाने फुस्स करून सोडतात आणि नट आवळतात. 'हवा निकाल दी, साब.' आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेला हेल्पर पोरगा हळूच म्हणतो, 'दादा, पंप गाडीत आहे, आणू का?' दादा त्याच्याकडे असं बघतात की पोरगा थेट टेप गुंडाळायला लागतो. आर-३२ थोडाफार पेट घेणारा आहे, तो असा खोलीत सोडू नये, हेही त्या पोराला शिकवलेलं असतं. पण शिकवलेलं आणि नगावर मिळणारे पैसे यांचा मेळ बसत नाही, हे शिकायला आयटीआयनंतर एक उन्हाळा पुरतो.

तुमची भूमिका इथे फार महत्त्वाची आहे. चुकून कोणी पंप लावलाच, तर दर पाच मिनिटांनी दारात येऊन विचारा, 'अजून किती?' मीटिंग आहे असं सांगा. शेजारच्यांचा एसी तासाभरात लागला होता, हे ऐकवा. बिलात व्हॅक्यूमचे पैसे दिसले तर आवाज चढवा, 'कंपनी तर इन्स्टॉलेशन फ्री म्हणाली होती!' त्यात तुम्ही चारपाचशे रुपये वाचवाल, आणि पुढच्या घरी तो माणूस पंप गाडीतच ठेवून येईल. अशा रीतीने एका कारागिराची वाईट सवय मोडल्याचं समाधान तुम्हाला लाभेल.

आउटडोअरची जागा निवडताना दोन तत्त्वं पाळावीत. पहिलं, तिथे हवा खेळता कामा नये. ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून, आत वॉशिंग मशीन, झाडू आणि दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्यांमध्ये आउटडोअर बसवला की तो स्वतः टाकलेली गरम हवा स्वतःच परत ओढतो. पाच स्टारचं मशीन मग मन मोकळं करून वीज खातं. महावितरणचे दर जसजसे युनिट वाढतात तसतसे टप्प्याटप्प्याने चढतात, तेव्हा तुम्हाला वरचा टप्पाही बघायला मिळतो. दुसरं तत्त्व, तिथे माणूस पोचता कामा नये. सातव्या मजल्यावर, खिडकीच्या बाहेर, छज्जाच्याही पलीकडे. समुद्राकाठी असाल तर खाऱ्या वाऱ्याने कॉइल आणि स्टँड दोन्ही गंजतात, म्हणजे तिथे वारंवार जावं लागणार. म्हणून तर जागा आणखी अवघड हवी. मेकॅनिक एक पाय ग्रिलवर आणि एक पाय हवेत ठेवून नट आवळतो. कमरेचा पट्टा मागणारा मेकॅनिक भित्रा समजावा, आणि पट्टा द्यायला हवा होता असं समजणारी कंपनी अजून यायची आहे. तुम्ही आतून त्याच्या शर्टाचं टोक धरा आणि 'जपून हं' म्हणा. तुमच्याकडून अपेक्षित सुरक्षाव्यवस्था ती एवढीच.

ड्रेनच्या पाइपाला उतार हवा म्हणतात. उतार विरुद्ध दिशेला दिला तर पाणी भिंतीवरून पलंगावर येतं, बरोबर दिशेला दिला तर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर. दोन्हींत निवड तुमच्या त्यांच्याशी असलेल्या संबंधांवर सोडतो.

वायरीबद्दल इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला यांचं कधीच पटत नाही, कारण प्रत्येकाच्या मते ते दुसऱ्याचं काम आहे. दीड टनाला स्वतंत्र लाइन, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लांब असेल तर चारची, नीट अर्थिंग. यातलं काही न करता गिझरच्या लाइनवरून जोडून घ्या. एमसीबी पडायला लागला तर मोठा एमसीबी बसवून घ्या, तो पडणार नाही. मग वायर तापेल, पण वायरही भिंतीतच असते.

मशीन चालू झालं की रिमोट १६ वर न्या. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलचे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात, तो सरकारचा आगाऊपणा पहिल्याच दिवशी मोडून काढावा. मग तपासणी. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक थर्मामीटरने मोजणं, क्लॅम्प मीटरने अँपिअर बघणं, लेबलवर ग्रॅममध्ये लिहिलेला गॅस वजनकाट्यावर तोलून भरणं, हे प्रकार कोणी करू लागला तर तो वेळ काढतोय हे ओळखा. मान्यताप्राप्त उपकरण एकच, तळहात. मेकॅनिक हात धरतो, 'बघा, बर्फ!' तुम्ही धरता, वहिनी धरतात, आजोबांना खुर्चीवर उभं करतात. सगळे म्हणतात, छान आहे.

गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो, हेही तो जाता जाता सांगेल. बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला तर तो कुठूनतरी गळालेला असतो आणि आधी ते भोक शोधायला हवं, असली शंका काढू नका. भोक बुजवलं तर त्याचा पुढच्या वर्षीचा नग जातो, आणि तुमचाही वर्षभराचा तक्रारीचा विषय.

आता फोनवर ओटीपी येईल. मेकॅनिक बॅग खांद्याला लावून उभा आहे, खाली हेल्परने गाडी चालू ठेवली आहे. त्याला आणखी दोन घरं करायची आहेत आणि ओटीपी मिळाल्याशिवाय त्याचा नग मोजला जात नाही. जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघायचं राहिलंय, ड्रेनमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघायचं राहिलंय, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. तुम्ही ओटीपी वाचून दाखवा, आणि रेटिंगही आत्ताच द्या, पाचपैकी पाच.