पत्त्याच्या पोटातली पत्ती

इंदूरच्या सियागंज बाजारात पत्रा मागायला गेलं की दोन प्रश्न येतात: किती आणि कशासाठी. जादूचं साहित्य घरी करणाऱ्याकडे पहिल्याचं उत्तर "तळहाताएवढा" असं हास्यास्पद असतं आणि दुसऱ्याचं उत्तर देताच येत नाही. "काय के लिए चिये भिया?" हे इंदुरात इतक्या आपुलकीनं विचारतात की टाळायलाही जड जातं. खेळाच्या पत्त्याच्या दोन पापुद्र्यांत लपवायचाय, म्हणजे पत्ता चुंबकानं उचलता येईल, असं खरं सांगितलं, तर जादू काउंटरवरच संपली. म्हणून मोटारपार्टवाल्याकडे जावं आणि "शिम चिये" एवढंच म्हणावं. शिम म्हणजे दोन भागांमधली फट भरायची पातळ पत्ती, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नुसता "पातळ पत्रा" मागणाऱ्याला जो माल दाखवतात त्यानं गोठा शाकारता येतो.

मात्र शिम म्हणताच आधी पितळेची निघते. रूप राजवाड्यातलं, पण चुंबक तिला ओळख दाखवत नाही. मग येतं स्टेनलेस. ३०४ जातीचं स्टेनलेस चुंबक धरत नाही, ४३० धरतं. फसगत अशी की ३०४ गार असताना दाबलं किंवा ओढलं की तेही जरासं चुंबकीय होतं. स्टीलच्या डब्याच्या वळवलेल्या काठाला चुंबक कधीकधी लटकतो आणि तळाशी घसरतो, ते यामुळेच. तेव्हा दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक खिशात ठेवावा आणि पत्तीच्या मधोमध लावून पाहावा, कापलेल्या कडेवर कधीच नाही. दुकानदार आपल्याला वहिमी समजतो. समजू द्यावं, भावात फरक पडत नाही.

आता जाडी. खेळाचा पत्ता ६३ × ८८ मि.मी. आणि जाडीला सुमारे ०.३ मि.मी. त्याच्या पोटात जायची पोलादी पत्ती ०.०५ मि.मी., म्हणजे कारखान्यातल्या भाषेत दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तेवढीच हवी, पण पूर्ण आकाराची नको: अख्ख्या पत्त्याएवढी कापली तर तिचं वजन २.२ ग्रॅम भरतं, आणि पत्ता स्वतः दोन ग्रॅमच्या आतला. चौकटची राणी एकदम दोन जिवांची दिसू लागते. ४० × ६० मि.मी.चा तुकडा ग्रॅमच्या आत बसतो आणि चारही बाजूंना कोरा कागद राहतो, त्यामुळे कडा पिसताना धातू बोटाला लागत नाही. ०.१ मि.मी.ची पत्ती चुंबक जास्त जोरात धरते खरी, पण तो पत्ता गड्डीत लपत नाही. तेलाचा पिपा कापून आणाल तर तो पाव मिलिमीटरच्या आसपास. त्याचा पत्ता नव्हे, कौल होईल. मात्र लाकडी पेटीच्या खोट्या तळाला तो फार छान. थंड पेयाचा कॅन ॲल्युमिनियमचा, त्याला हात लावू नये.

सगळ्यात मोहात पाडते ती मेकॅनिकच्या फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पत्ती. मापाची, गुळगुळीत, कशीही वाकवा सरळ होणारी. पण ते कडक पोलाद. चुंबक दोन-चार वेळा फिरला की ती स्वतःच चुंबक होऊन बसते, आणि प्रेक्षकांपुढे एक पत्ता उचलावा तर शेजारचा पत्तीवाला बारातीसारखा मागोमाग येतो. मऊ पोलाद चुंबक दूर होताच बरंचसं विसरतं, पण एकदा दुमडलं की दुमडलंच, आणि पोचा आला तर वाकवताना "टक्" असं बोलतं. मी मऊच्या बाजूनं. बोलका पत्ता फेकता येतो, चिकटू पत्ता ऐनवेळी अब्रू घेतो.

चुंबक मोठा घेतला की प्रश्न सुटेल, ही समजूत इथे साफ बुडते. दोन थाउच्या पत्तीत चुंबकाची रेषा मावतेच किती? ती लगेच संपृक्त होते, म्हणजे आणखी चुंबकत्व घेत नाही, आणि १० मि.मी.च्या जाड चुंबकी चकतीचा बहुतेक जोर पलीकडच्या हवेत जातो. त्यापेक्षा ५ मि.मी.च्या चार चकत्या शेजारी-शेजारी, एक उलटी एक सुलटी, अशा बसवाव्यात. पातळ पत्ती जास्त घट्ट धरली जाते. अट इतकीच की चुंबक आणि पत्ती यांच्यातलं अंतर जवळजवळ शून्य हवं. मध्ये सदऱ्याचं कापड असेल तर पुन्हा मोठी चकतीच बरी.

पत्ता सोलायला कागदी घ्यावा, प्लॅस्टिकचा सुटत नाही. कोपरा बोटांत मळून थर मोकळा करायचा आणि सावकाश, सारख्या ताणानं ओढायचं. पत्तीवर तेलाचा हात असतो, तो थिनरनं पुसून बारीक पॉलिशपेपर फिरवावा. मग पाण्याचा पांढरा गोंद दूर ठेवा: कागद आक्रसतो, पत्ती गंजते, आणि पावसाळ्यात बदामाच्या राजाच्या पोटावर तपकिरी डाग उमटतो. रबराचा पिवळा गोंद दोन्हीकडे पातळ लावून, बोटाला चिकटेनासा झाला की जोडावं. जोडल्यावर सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलीनं खुणा कराव्यात.

नाण्यांत मात्र ही कटकट नाही. सध्याचा रुपया चुंबकीय स्टेनलेसचा, म्हणजे पत्ती टांकसाळीनंच घालून दिलेली. जुनं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, पिवळं पाच रुपयांचं निकेल-पितळेचं. दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. एक धरतं आणि एक धरत नाही, यातच अर्धा प्रयोग तयार आहे.

चुंबकाच्या चकत्या मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. दोन गिळल्या तर आतड्यात एकमेकींना ओढतात आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. पेसमेकरवाल्या आजोबांना स्वयंसेवक म्हणून बोलावू नये. उरलेल्या पत्तीचे काप पात्याइतके धारदार असतात. ते कागदात गुंडाळून, टेप मारून मगच कोरड्या कचऱ्यात टाकावेत, कारण कचरागाडीवर वेगळं करणारा माणूस हातानंच चाचपतो.